सागवान हलते तेव्हा : कपाटाच्या सांगाड्यातील सांध्यांचा विचार

कपाटाचा सांगाडा कोणत्या सांध्याने बांधावा, हा प्रश्न सहसा बळकटीचा मानला जातो, आणि म्हणून सर्वांत अवघड सांधा तोच सर्वांत उत्तम, अशी समजूत गिऱ्हाइकांत आणि काही कारागिरांतही रुजली आहे. मात्र तेलंगणात गोदावरीच्या डाव्या तीरावरील मंचेरियलमध्ये मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि जुलैत तीच हवा ओलाव्याने जड होते. अशा गावी हा प्रश्न लाकडाच्या हालचालीपाशी येऊन ठेपतो, कारण भरीव सागवान वर्षभर रुंदीत फुगत आणि आकसत राहते, आणि ज्या सांध्याने ही हालचाल अडवली तो कितीही पक्का असला तरी फळी चिरल्यावाचून राहत नाही.

या टापूत सागवान बाहेरून आणावे लागत नाही. वायव्येला जन्नारम आणि कवालची जंगले आहेत, पूर्वेला प्राणहिता आणि तिच्या पलीकडे सिरोंचा व आलापल्लीचा पट्टा, आणि काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गाने मंचेरियल थेट बल्लारशाच्या लाकूड आगाराशी जोडलेले आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले ते बल्लारशाहूनच. सरहद्दीच्या दोन्ही अंगांना एकच झाड आणि पुष्कळ ठिकाणी एकच बोली असल्याचे कारण प्रशासकीय इतिहासात सापडते. आज महाराष्ट्रात असलेले राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि राजुरा नांदेडमार्गे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. मंचेरियल हा स्वतंत्र जिल्हा तर अगदी अलीकडचा, ११ ऑक्टोबर २०१६ चा.

सागवान किती हलते, याचा हिशेब कठीण नाही. लाकडातील ओलावा एक टक्क्याने बदलला की सागाची फळी वार्षिक वलयांच्या दिशेने, म्हणजे सपाट चिरलेल्या फळीच्या रुंदीत, सुमारे ०.१८६ टक्के बदलते. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने हाच बदल ०.१०१ टक्के भरतो, आणि लांबीत तो जवळजवळ शून्य असतो. उन्हाळा आणि पावसाळा यांत लाकडाच्या ओलाव्यात सहा टक्क्यांचा फरक पडला असे धरले, तर साडेचारशे मिलिमीटर रुंदीची, सपाट चिरलेली बाजूची फळी पाच मिलिमीटरने रुंदावते आणि पुन्हा तितकीच आकसते. इतर अनेक लाकडांच्या मानाने हे प्रमाण कमी आहे, आणि सागाची कीर्ती काही अंशी यावरच उभी आहे. तरीही आडव्या पट्टीला खिळ्यांनी जखडलेल्या फळीला पाच मिलिमीटर फार होतात.

याच कारणाने डव्हटेलविषयी थोडे बारकाईने बोलणे आवश्यक ठरते. एका फळीच्या टोकाशी कबुतराच्या शेपटीसारखे पसरत जाणारे दाते आणि दुसऱ्या फळीत त्यांच्याशी जुळणाऱ्या खाचा, असा हा सांधा तुतनखामनच्या थडग्यातील फर्निचरातही आढळतो. भरीव फळ्यांच्या पेटीला तो शोभतो, आणि त्याचे कारण केवळ देखणेपणा नव्हे. पेटीच्या दोन्ही बाजू, छत आणि तळ या चारही फळ्यांचे धागे पेटीभोवती एकाच दिशेने फिरत असल्यामुळे त्या खोलीत एकत्र फुगतात आणि एकत्र आकसतात, आणि कोपऱ्यावर ताण येत नाही. बिघाड होतो तो आतल्या बाजूला, जेव्हा खणाखालची आधारपट्टी धाग्याला काटकोनात ठेवून तिला सरस आणि खिळे दोन्ही लावले जातात. ती पट्टी पुढच्या टोकाशी घट्ट करून मागच्या टोकाला स्क्रूसाठी लांबट भोक ठेवले, तर फळीला सरकायला वाट मिळते. एवढे एक लांबट भोक न पाडल्याने चिरलेले सांगाडे पाहिले की डव्हटेलच्या कौतुकात खर्च झालेले शब्द वाया गेल्यासारखे वाटतात.

रुंद कपाटांसाठी मात्र चौकट आणि पॅनेल हाच योग्य मार्ग आहे, आणि या भागातील सागाच्या कपाटाला तोच सर्वांत मानवतो, असे येथे ठामपणे म्हणावेसे वाटते. दोन उभ्या आणि दोन वा तीन आडव्या पट्ट्यांची चौकट कुसू आणि खोबण यांनी बांधायची. कुसू म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाशी कोरून काढलेली जीभ, आणि खोबण म्हणजे उभ्या पट्टीत किकऱ्याने पाडलेले तिचे घर. तीस मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर सुतार जाडीचे तीन भाग आखतो, मधला दहा मिलिमीटरचा भाग कुसवाला देतो आणि दोन्ही अंगांचे भाग खोबणीच्या भिंतींना राखतो. कुसू याहून जाड घेतले तर खोबणीच्या भिंती फाटतात, पातळ घेतले तर तेच मुळाशी तुटते. चौकटीच्या आतल्या कडेला खाच मारून पॅनेल तिच्यात सरस न लावता सैल बसवले जाते. तीनशे मिलिमीटरच्या पॅनेलला वरच्या हिशेबाने सव्वातीन मिलिमीटरहून थोडी अधिक मोकळीक लागते. ही मोकळीक कपाट कोणत्या महिन्यात बांधले यावर ठरते. मे महिन्यात सुकलेल्या पॅनेलला दोन्ही कडांशी जागा सोडावी लागते, ऑगस्टमध्ये तेच पॅनेल जवळजवळ खाचेच्या तळाला भिडवावे लागते. पॅनेलला पॉलिश करायचे ते बसवण्यापूर्वी, नाहीतर ते आकसताच कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ दिसू लागते.

मधला तिसरा भाग कुसवाचा, हे प्रमाण विलायती सुतारशाळांतून आले असे अनेकांना वाटते. ‘मयमत’ या संस्कृत वास्तुग्रंथाचा सतरावा अध्याय वाचला की ही समजूत टिकत नाही. दक्षिण भारतात रचलेला आणि साधारणतः नवव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान ठेवला जाणारा हा ग्रंथ टी. गणपती शास्त्री यांनी त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेत १९१९ मध्ये छापला, आणि पुढे ब्रूनो दाजाँ या फ्रेंच अभ्यासकाने त्याची चिकित्सक आवृत्ती व भाषांतरे सिद्ध केली. छत्तीस अध्यायांच्या या ग्रंथात एक संपूर्ण अध्याय लाकडाच्या सांध्यांना, म्हणजे संधिकर्माला, वाहिलेला आहे. मराठी वाचकांच्या वास्तुविषयक चर्चेत दिशांची आणि शकुनांची प्रकरणे वारंवार येतात आणि हा अध्याय मात्र कोणी उघडत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

स्तंभावर स्तंभ जोडण्यासाठी तेथे पाच सांधे सांगितले आहेत : मेषयुद्ध, त्रिखंड, सौभद्र, अर्धपाणी आणि महावृत्त. मेषयुद्धात मधोमध एकच शिखा, म्हणजे कुसू, असते आणि तिची रुंदी स्तंभाच्या एक तृतीयांश ठेवावी असा नियम दिला आहे. त्रिखंडात अशा तीन शिखा येतात, सौभद्रात चार, आणि अर्धपाणीत दोन्ही लाकडे निम्म्या जाडीपर्यंत कापून एकमेकांवर चढवली जातात. आडव्या लाकडांसाठी षट्शिखा, झषदंत, सूकरघ्राण, संकीर्णकील आणि वज्रसन्निभ अशी निराळी पंचकडी आहे. म्हणजे उभे लाकूड भार दाबून घेते आणि आडवे वाकते, म्हणून दोघांचे सांधे एक नसावेत, हा भेद ग्रंथकाराने वर्गीकरणातच मांडून ठेवला आहे. लाकडाचे मूळ कोणते आणि शेंडा कोणता हे ओळखून मगच ते जोडावे, असाही त्याचा आग्रह आहे.

हा अध्याय मंदिरे आणि घरे यांच्या लाकूडकामाचा आहे, कपाटांचा नव्हे. त्यामुळे त्यातील प्रत्येक सांधा आजच्या सांगाड्यात कोंबणे अज्ञानाचे होईल. मात्र कोणता तुकडा कोणता भार घेतो हे आधी पाहायचे आणि सांधा नंतर निवडायचा, ही त्याची पद्धत कपाटालाही तंतोतंत लागू पडते. भिंतीवर टांगायच्या कपाटात डव्हटेलचे दाते उभ्या बाजूंना का कापायचे, याचे उत्तर याच पद्धतीने मिळते. ताटवाट्यांचे ओझे तळाला खाली ओढते, आणि बाजूंच्या टोकांशी दाते असले तर तळ त्या ओढीने निसटू शकत नाही. दाते तळफळीला कापले, तर नेमक्या त्याच दिशेने सांधा मोकळा होतो आणि सारा भार सरसावर पडतो.

सरसाचा विचार सागाच्या बाबतीत वेगळा करावा लागतो. सागातील तेलकट द्रव्यांमुळे लोखंड त्यात सहसा गंजत नाही, पण त्याच द्रव्यांमुळे चिकट पदार्थ नीट धरत नाही. म्हणून रंधा मारल्यावर तो पृष्ठभाग ताजा असतानाच सांधा जोडणे हिताचे असते, आणि कुसवातून आरपार लाकडी खुंटी ठोकण्याची जुनी रीत येथे अजूनही अर्थपूर्ण ठरते. १९५९ नंतर फेविकॉल घरोघरच्या सुतारांच्या हाती आले आणि जनावरांच्या हाडा-कातड्यापासून उकळलेला सरस मागे पडला, ही सोय मोठीच झाली. तिच्याबरोबर खुंटीही गेली, हे नुकसान मात्र टाळता आले असते.

आता बहुतेक सांगाडे प्लायवूडचे असतात, आणि तेथे वरचे बरेचसे नियम उलटतात. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने ते रुंदीत फारसे हलत नाही. म्हणून त्याला चौकट-पॅनेलची मोकळीक लागत नाही, आणि त्याच्या कडेत डव्हटेल कापले तर थर सुटून दाते कुस्करतात. त्याचा कमकुवतपणा कडेत आहे. १९ मिलिमीटरच्या पाटीच्या कडेत आंधळेपणाने ठोकलेला खिळा थर फाकवतो. त्याऐवजी उभ्या पाटीत सहा मिलिमीटर खोल खाच मारून आडवी पाटी तीत बसवावी, फेविकॉल लावावे आणि आधी भोक पाडून मगच स्क्रू आवळावेत, म्हणजे फळीचे ओझे स्क्रूऐवजी खाचेच्या ओठावर येते. ओल्या भिंतीशी लागणाऱ्या सांगाड्याला भारतीय मानक ३०३ मधील उकळत्या पाण्याला टिकणारी श्रेणी घ्यावी, साधी ओलावारोधक श्रेणी तेथे पुरत नाही.

दोन्ही प्रकारांत सर्वांत उपेक्षित राहतो तो पाठीचा तुकडा. चार कोपरे कितीही नेटके असले तरी चौकोनाला तिरके होण्यापासून रोखणारे असे त्याच्यात काहीच नसते. तो प्रतिकार पाठ देते. प्लायवूडच्या सांगाड्यात सहा मिलिमीटरची पाठ चारही बाजूंच्या खाचेत सरस लावून बसवावी आणि त्याआधी गुण्या धरून दोन्ही कर्ण मोजून सारखे करून घ्यावेत. भरीव सागाच्या सांगाड्यात पाठही चौकट-पॅनेलचीच हवी. तिची चौकट सांगाड्याला घट्ट आणि पॅनेल खाचेत मोकळे राहिले, तर कर्ण सरळ राहतात आणि जुलैत फुगणाऱ्या पॅनेललाही जागा मिळते.