पिकअप घेताना दाराची पट्टी वाचा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांना सहकुटुंब प्रवासासाठी कॅम्पिंग ट्रेलर सोयीचा वाटतो. झोपायला जागा, स्वतःच्या चुलीवर हलाल जेवण आणि नमाजसाठी निवांत कोपरा, सारे बरोबर! प्रश्न उरतो तो ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचा. या खरेदीत हजारो डॉलर गुंततात आणि घाटरस्त्यावर कुटुंबाचा जीवही. म्हणून हा हिशेब आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विक्रेता प्रथम ओढशक्तीचा मोठा आकडा सांगतो. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. एसएई जे२८०७ या मानकानुसार आकडा काढताना गाडीत चालक व एकच प्रवासी, प्रत्येकी सुमारे ६८ किलोचा, धरला जातो. आपली कुटुंबे एवढी लहान कुठली?

खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो. माणसे व सामान मिळून किती वजन चालेल, हे तेथे किलो व पौंडांत छापलेले असते. ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार जोडावर, म्हणजे पिकअपच्या पाठीवर येतो. तोही याच मर्यादेत बसवावा लागतो.

समजा, पट्टीवर ६८० किलो आहेत. पाच माणसांचे ३५०, सामानाचे १०० व जोडाच्या लोखंडाचे ३० किलो वजा जाता उरले २००. भरलेला ट्रेलर २,५०० किलोचा असेल, तर १२ टक्क्यांनी ३०० किलो भार येतो. म्हणजे ओढशक्ती ४,००० किलो असूनही गाडी १०० किलोंनी कमी पडली!

ट्रेलरचे छापील रिकामे वजनही धरू नये. १५० लिटरची पाण्याची टाकी भरली की १५० किलो वाढलेच. भरलेला ट्रेलर काट्यावर तोलून घ्यावा. भार हलका करण्यासाठी सामान मागे सरकवणे घातक. जोडावरील भार १० टक्क्यांखाली गेला की ट्रेलर डोलू लागतो.

फोर्ड एफ-१५० असो वा रॅम १५००, एकाच नावाच्या दोन गाड्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. चैनीच्या सोयी वाढल्या की भारक्षमता घटते. तेव्हा जी गाडी घ्यायची, तिचीच पट्टी वाचावी.

तरीही हिशेब बसत नसेल, तर मोठ्या गाडीसाठी व्याजाचे कर्ज डोक्यावर घेण्यापेक्षा ट्रेलर लहान घ्यावा, असे आम्ही सुचवतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे येथेही खरे.