तीस वर्षांचे अंतर

कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्ग आहे. तिथे एक गोष्ट सांगतात: १८६८ साली किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी सूर्यावरचा हेलियम शोधला. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले १८९८ साली.

ही चूक फक्त सनावळीची नाही. त्या तीस वर्षांतच वर्णपट पाहण्याच्या गोष्टीची वर्णपट नोंदवण्याची गोष्ट झाली.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत होते. वर्णपटदर्शकातून सूर्याच्या ज्वाळेत त्यांना तीन तेजस्वी रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची मानली. ती सोडियमची नव्हती, पण पुन्हा तपासायचे कशावर? डोळा आणि टिपणवही, एवढाच पुरावा. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉकियर यांनी ग्रहणाशिवाय इंग्लंडमधून ती रेषा पाहिली आणि तिची जागा सोडियमहून वेगळी असल्याचे ओळखले. ती रेषा हेलियमची होती; पृथ्वीवर तो हाती लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांना.

वर्णपटाचे छायाचित्र म्हणजे वर्णपटलेख. शब्द नेमका आहे. शिलालेखासारखाच तो नंतर कोणीही पुन्हा वाचू शकतो, आधीच्या वाचनातली चूक काढू शकतो.

२२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण लागले. लॉकियर यांची तुकडी विजयदुर्गावर होती. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेचे खगोलशास्त्रज्ञ कॅम्पबेल होते आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवालाही. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तिच्या कडेला, सूर्यबिंब झाकले जाताना, काळ्या रेषांचा वर्णपट क्षणभर उजळ रेषांचा होतो. लोलक लावलेल्या कॅमेऱ्यात वेगळी फट लागत नाही. सूर्याची उरलेली बारीक कोरच फटीचे काम करते. म्हणून छायाचित्राच्या काचेवर रेषा सरळ उमटत नाहीत, चंद्रकोरीसारख्या वाकड्या उमटतात: हायड्रोजनची कोर, कॅल्शियमची कोर. नायगमवालांनी हा क्षण टिपला. त्यांचा अहवाल १९०२ मध्ये छापून आला.

हेलियमच्या कोकणी गोष्टीत त्यांचे नाव येत नाही. यायला हवे. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली, तिच्यासाठी वीस इंची दुर्बीण आणवली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.