पुढच्या ओढीची निगा



काळ्या चिकट रानात फोर-व्हील ट्रॅक्टरची पुढची चाकेही ओढतात. पण डांबरी रस्त्याने औरंगपुऱ्याकडे येताना ही पुढची ओढ लिव्हरने सोडवा. जोडलेली असली की पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त धाव घेतात. मऊ रानात ती घसरतात, ताण निघून जातो. कडक रस्त्यावर तोच ताण गिअर अन् टायर खातो.

चिखलातले काम आटोपले की पुढचा अ‍ॅक्सल धुवा. ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला. हबच्या सीलमधून तेल ओघळते का, ते पाहा. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजा. सील व तेल दोन्ही बदला. शाफ्टच्या निपलांना ग्रीस द्या. टायर नेमून दिलेल्या मापाचेच घ्या.

लहानसे सील सगळे गिअर वाचवते.