वाडीच्या वंशावळीत आपलं नाव

आम्ही देवगड तालुक्यातल्या एका बचत गटातल्या बायका. आंब्याचा हंगाम आटोपला, आता जरा बसून बोलायला सवड आहे. आजचा विषय आहे आपल्या वाडीचा इतिहास आणि घराची वंशावळ.

हा पुरुषांचा विषय, असं आम्हालाही वाटायचं. पण गटातल्या एका काकींचे नव्वदीतले वडील वारले. भावांनी वारसनोंदीसाठी वंशावळ लिहून दिली. तिच्यात तिन्ही मुलगे होते, काकी नव्हत्या. काकी विचारायला गेल्या, तर उत्तर मिळालं, "या नावाची मुलगी त्या घरात होती कशावरून?" आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. काकींच्या आधार कार्डावर सासरचं नाव, माहेरच्या नावाचा कागद हाताशी एकही नाही. बागेतल्या प्रत्येक कलमाला आपल्याकडे नाव असतं, ते कुणी लावलं हेही ठाऊक असतं. मग बाईचंच नाव कसं हरवतं?

त्यासाठी थोडं मागे जाऊया. कोकणात पूर्वी खोती होती. कसणारा कूळ, सारा गोळा करणारा खोत. १९४९च्या कायद्याने खोती गेली, पुढे कूळकायद्याने कसणाऱ्यांची नावं जमिनीला लागली. ती लागली बहुतेक पुरुषांची. त्यातले कितीतरी तेव्हा मुंबईत गिरणीत कामाला होते. कातळावर माती टाकून लावलेली कलमं उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर जगवली घरच्या बायकांनी. घागरी वाहिल्याची नोंद कुठल्याच नमुन्यात होत नाही.

पुढे १९९० सालापासून रोजगार हमीतून फळबागा लावायला अनुदान मिळू लागलं, बागा वाढल्या. बागेला किंमत आली, तशी वाटणीची भांडणंही आली.

आता शोधायचं कुठे? पहिली जागा म्हणजे सातबारा. नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते असतं, नमुना बारामध्ये पीक. 'इतर हक्क' हा रकानाही वाचायचा. नावाजवळ वर्तुळात आकडे असतात, ते फेरफाराचे. त्या आकड्यांवरून जुने फेरफार मागवले, की कोण कधी वारलं आणि वारस म्हणून कोण लागलं, हे एकेक पिढी मागे कळत जातं. दुसरी जागा कोतवाल बुक. त्यात गावातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. तहसील कचेरीत चौकशी करावी. जुनं लिखाण मोडीत असलं, तर मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो.

तिसरी जागा आपल्या जास्त कामाची. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. मुलगी दुसरीपर्यंतच शिकली असली, तरी तिथे तिचं माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव असतं. आणि चौथी जागा घरातली ट्रंक. तिच्यात लग्नपत्रिका सापडतात.

काकींचं काम याच दोन कागदांनी पुढे सरकलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि वडील. पत्रिकेत तेच माहेरचं नाव आणि नवऱ्याचं नाव. रेशन कार्डावर नवऱ्याच्या नावाखाली सासरचं नाव. दोन्ही नावांची बाई एकच, हे मांडता आलं. मग प्रतिज्ञापत्र करून काकींनी लेखी हरकत दिली.

कायदा काय सांगतो, तेही ऐका. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि तो जन्मापासूनचा. ९ सप्टेंबर २००५ला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र उलटत नाही. हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही, हे ज्या त्या बहिणीने ठरवावं. पण कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका. माणूस वारल्यावर तीन महिन्यांत वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो. त्याला जोडलेली वंशावळ घरचंच कुणीतरी लिहून देतं. ती लिहिताना आपण तिथे असायला हवं.

म्हणून आमच्या गटाने एक वही केली आहे. प्रत्येक घराला दोन पानं. प्रत्येक बाईपुढे चार गोष्टी लिहायच्या: माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं गाव. लग्न न झालेल्या आत्या, लहानपणी गेलेल्या मुली, सगळ्यांना जागा. म्हाताऱ्या आजींना आधी विचारतो, कारण त्यांच्या आठवणीची दुसरी प्रत कुठेच नाही. एकीने सांगितलेलं दुसरीला विचारून ताडून घेतो, मग कागद शोधतो.

काकींच्या हरकतीचा निकाल अजून यायचा आहे. पण त्यांचं नाव आता प्रकरणात आहे. आज रात्री जेवणं झाली, की सासूबाईंजवळ बसा आणि विचारा, "आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?" सांगतील ते लगेच लिहून ठेवा.