उच्चशिक्षित परिचारिका : पदवीनंतरचे खरे प्रश्न

मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली की घरात पेढे वाटले जातात आणि ते योग्यच आहे. आपल्या देशात 1946 साली दिल्ली व वेल्लोर येथे या पदवीचे शिक्षण सुरू झाले. आज एम.एस्सी., पीएच.डी. पर्यंतची वाट मोकळी आहे. परंतु सारखीच पदवी घेतलेल्या दोघींपैकी एक वीस वर्षांनी अधिसेविका किंवा प्राध्यापिका होते, तर दुसरी आहे त्याच पदावर राहते. असे का व्हावे? हुशारी व कष्ट यांचा वाटा असतोच. पण कामाच्या जागेची परिस्थिती हेही तितकेच मोठे कारण आहे, असे आम्हांस वाटते.

पहिली बाब रुग्णसंख्येची. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे, इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे व अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. जेथे एकीवरच तीस-चाळीस रुग्णांचा भार पडतो, तेथे इंजेक्शने आणि नोंदी यांतच पाळी संपते. शिकलेले ज्ञान वापरावयास वेळ उरत नाही, आणि न वापरलेले ज्ञान गंजते.

दुसरी बाब बढतीची. सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या आहेत. लहान खाजगी रुग्णालयात बहुधा पायरीच नसते, तेथे एम.एस्सी. झालेलीलाही काम व पगार तोच.

तिसरी बाब मानाची. अमेरिकेत परिचारिकांचा मोठा तुटवडा असतानाही काही रुग्णालयांतील परिचारिका नोकरी सोडून जात नव्हत्या. 1983 साली तेथील अभ्यासकांनी अशी 41 रुग्णालये निवडून कारणे शोधली. पुरेसे मनुष्यबळ, पुढील शिक्षणाची सवलत आणि व्यवस्थापनाच्या निर्णयात परिचारिकांचा शब्द, ही त्यांतील प्रमुख होत.

चौथी बाब वेतनाची. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने 2016 साली खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटा असल्यास राज्य शासनाइतके वेतन, आणि पन्नासहून कमी खाटा असल्यासही दरमहा किमान 20,000 रुपये द्यावेत, असे त्यांत आहे. पण शिफारस म्हणजे अंमल नव्हे.

म्हणून विद्यार्थिनींना आमचे सांगणे असे की, मुलाखतीच्या वेळी संकोच न करता विचारावे: एका पाळीत किती रुग्ण असतील? बढतीचा नियम काय? शिक्षणासाठी रजा मिळते का? बाँडवर सही करण्यापूर्वी तो नीट वाचावा; मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात ठेवू नयेत. पालकांनीही केवळ "नोकरी लागली" यावर समाधान मानू नये. पदवी मुलीने कष्टाने मिळवली आहे. तिचे चीज होईल अशी जागा निवडण्यास तिला साथ देणे हे आपणा सर्वांचे काम आहे.