लिंक कुणाला माहीत नाही, म्हणून फोल्डर सुरक्षित?

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहत गेल्या आणि त्यांच्याबरोबर एक भाबडा विश्वासही पसरला. सर्व्हर एवढ्या कडेकोट इमारतीत आहे, फोल्डरची लिंक बाहेर कुणाला दिलेली नाही, मग त्याला वेगळा पासवर्ड कशाला? वाशी-नेरूळच्या पॅथॉलॉजी लॅब, खारघरचे क्लासेस, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि त्यांना वेबसाइट करून देणारी मंडळी, सगळ्यांकडून हेच ऐकू येते. हे साफ चुकीचे आहे. दारावरचा रक्षक आणि बोटांच्या ठशांचे यंत्र माणसांना अडवते. वेब सर्व्हरकडे येणारी मागणी मात्र केबलमधून येते आणि तिला उत्तर देणे हेच त्याचे काम. ज्या फोल्डरवर बंधन घातलेले नाही, त्यातली फाइल मागेल त्याला मिळते. मागणारा कोण हे सर्व्हर विचारत नाही, कारण विचारायला त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

पण लिंकच ठाऊक नसेल तर मागणार कोण, असा यावर सवाल येतो. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे प्रकरण उजेडात आणले. एचआयव्ही चाचण्यांसह हजारो अहवाल वेबवर उघडे पडले होते. २०२० च्या सुरुवातीला ग्रीनबोन या जर्मन कंपनीला भारतीय रुग्णांचे एक्स-रे आणि स्कॅन इंटरनेटवर विनापासवर्ड सापडले, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. ते पत्तेही कुणी जाहीर केले नव्हते. पत्ते शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलेल्या झेडमॅप या साधनाने आयपीव्ही४ चे सगळे सार्वजनिक पत्ते एका गिगाबिट जोडणीवरून पाऊण तासाच्या आत चाळता येतात. सबडोमेनसाठी स्वतंत्र एचटीटीपीएस प्रमाणपत्र घेतले की त्याचे नाव सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या जाहीर नोंदींत जाते. त्यापुढचे काम तर शाळकरी मुलालाही जमेल. रुग्णाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकच्या शेवटी ‘रिपोर्ट-१०४५’ असेल, तर तिथे १०४६ टाकून पाहायचे, की शेजाऱ्याचा अहवाल समोर. फाइलला लांबलचक, निरर्थक अक्षरांचे नाव दिले तर अंदाज बांधणे जवळपास अशक्य होते, हे मान्य. पण लिंक फॉरवर्ड होते, सायबर कॅफेतल्या ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहते, आणि फुटल्यावर ती कुणाकुणाकडे गेली हे कळायला मार्ग नसतो.

काही जण याहून वाईट करतात. गूगलने पाहू नये म्हणून गुप्त फोल्डरचे नाव रोबोट्स फाइलमध्ये लिहितात. ती फाइल कुणालाही वाचता येते, म्हणजे लपवायच्या जागेचा पत्ता आपणच छापून ठेवला! २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९३०९ या मानकात स्पष्ट म्हटले आहे की हे नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना ठरवण्याची व्यवस्था नव्हे. फोल्डरमध्ये कोरी इंडेक्स फाइल टाकल्याने फक्त यादी दिसेनाशी होते, फाइली उघड्याच राहतात. ‘आमच्या साइटला लॉगिन आहे’ हे उत्तरही अपुरे आहे, कारण लॉगिनची तपासणी पीएचपीच्या पानात होते आणि पीडीएफ मागितली तर अपाचेसारखा वेब सर्व्हर ती त्या पानाला न विचारता थेट देऊन टाकतो.

खरा उपाय जुना आणि फुकट आहे. अपाचेमध्ये त्या फोल्डरच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत चार ओळी लिहायच्या: ऑथटाइप, ऑथनेम, ऑथयूजरफाइल आणि रिक्वायर व्हॅलिड-यूजर. मग सर्व्हर आधी ४०१ हे उत्तर देतो, ब्राउझर नाव-पासवर्डची चौकट दाखवतो आणि जुळल्याशिवाय फाइल हलत नाही. पासवर्डची फाइल मात्र वेबवरून पोहोचता येणार नाही अशा जागी, डॉक्युमेंट रूटच्या बाहेर ठेवावी. हजारो रुग्णांना अहवाल द्यायला ही पद्धत पुरेशी नाही. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन किंवा ओटीपी हवा आणि मूळ फाइलीही डॉक्युमेंट रूटच्या बाहेर हव्यात. कार्यालयातल्या मोजक्या माणसांच्या फोल्डरला मात्र ही चार ओळींची पद्धत छान चालते.

इथेही गैरसमज आहेतच. पासवर्ड बेस६४ मध्ये जातो म्हणजे गुप्त राहतो, असे नाही. ते निव्वळ लिप्यंतर आहे, क्षणात उलटवता येते, म्हणून एचटीटीपीएस हवेच. पासवर्डची फाइल बनवणाऱ्या एचटीपासडब्ल्यूडी या आज्ञेच्या जुन्या क्रिप्ट पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरेच मोजली जातात, म्हणून बीक्रिप्ट निवडावे. त्या आज्ञेतला ‘सी’ हा पर्याय नवी फाइल तयार करतो. दुसरे नाव जोडताना तो पुन्हा दिला तर आधीची नावे पुसली जातात.

सर्वांत घातक समज म्हणजे एचटीअ‍ॅक्सेस फाइल टाकली की कुलूप लागले. अपाचे २.३.९ पासून अलाउओव्हरराइडची मूळ मांडणी ‘नन’ आहे, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य मांडणीत परवानगी दिली नसेल तर तुमची एचटीअ‍ॅक्सेस फाइल तो मुकाट दुर्लक्षित करतो, चूकही दाखवत नाही. एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर तर ती वाचतच नाही, तिथे ऑथ बेसिकची मांडणी सर्व्हरच्याच कॉन्फिगरेशनमध्ये करावी लागते. म्हणून खासगी विंडो उघडून फोल्डरबरोबर आतल्या एका पीडीएफची पूर्ण लिंकही टाकून पाहा. पासवर्ड न विचारता फाइल उघडली, तर कुलूप लागलेले नाही. आणि फोल्डर आधी उघडा राहिला असेल तर गूगलच्या सर्च कन्सोलमधून त्या लिंक काढण्याची विनंतीही लगेच करा. ती सुमारे ६ महिनेच टिकते, पण तोवर गूगलच्या बॉटलाही ४०१ मिळू लागलेले असते.