विद्युत पोल सॉ

विद्युत पोल सॉ म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली, विजेवर चालणारी छोटी साखळी करवत होय. जमिनीवर उभे राहूनच उंचावरील फांद्या छाटता याव्यात, शिडी लावण्याची किंवा झाडावर चढण्याची गरज पडू नये, हा या अवजाराचा मुख्य उद्देश आहे. घराभोवतीची बाग, गृहनिर्माण संस्थांची आवारे आणि लहान फळबागा यांतील झाडांच्या निगराणीसाठी ते वापरले जाते. त्यामुळे उंचीवरून पडण्याचा धोका बहुतांशी टळतो. मात्र दांडा वीजवाहक तारांना लागणे, तोडलेली फांदी अंगावर कोसळणे आणि चुकीच्या कापामुळे झाड कायमचे दुबळे होणे हे तीन धोके उरतात. सुरक्षित छाटणीचे बहुतेक नियम या तीन धोक्यांतूनच आले आहेत.

पार्श्वभूमी

लांब काठीच्या टोकाला पाते बांधून फांद्या किंवा फळे काढण्याची पद्धत जुनी आहे. महाराष्ट्रात बांबूला विळा बांधून शेळ्यांसाठी पाला पाडला जातो, तर कोकणात आंबे उतरवण्यासाठी काठीला जाळी लावलेला झेला वापरतात. पोल सॉ हे याच कल्पनेचे यांत्रिक रूप आहे.

त्यातील साखळी करवतीचा इतिहास विसाव्या शतकातील आहे. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. ती चालवण्यासाठी दोन माणसे लागत. १९४६ मध्ये अमेरिकेतील लाकूडतोड व्यावसायिक जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे निरीक्षण केले. ही अळी डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने लाकूड कुरतडत पुढे जाते, हे पाहून त्यांनी तशाच वळणदार दात्यांची साखळी बनवली. आजच्या साखळ्यांची मूळ रचना हीच आहे. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि पुढे हलक्या, वायररहित उद्यान-अवजारांचा प्रसार झाला.

रचना

पोल सॉचे करवतीचे डोके, दांडा आणि मूठ असे तीन भाग असतात. डोक्यामध्ये मोटर, साधारणतः १५ ते २५ सेंमी लांबीची धातूची पट्टी आणि तिच्याभोवती फिरणारी दातेरी साखळी असते. काही नमुन्यांत मोटर मुठीजवळ असून दांड्यातून जाणारा शाफ्ट साखळी फिरवतो. दांडा अॅल्युमिनियमचा किंवा काचतंतूमिश्रित प्लास्टिकचा असतो व तो सरकवून लांब-आखूड करता येतो. घरगुती वापराच्या अवजाराचे एकूण वजन साधारणतः ३ ते ५ किलो भरते आणि वापरणाऱ्याची उंची धरून सुमारे ४ ते ४.५ मीटर उंचीपर्यंत पोहोचता येते.

विद्युत पोल सॉ वायरचा किंवा बॅटरीचा असतो. वायरच्या अवजाराला सलग वीज मिळते, पण वायर साखळीखाली येण्याची किंवा पायात अडकण्याची शक्यता असते. बॅटरीच्या अवजारात ही अडचण नसते. मात्र काम बॅटरीच्या क्षमतेपुरते मर्यादित राहते. साखळी व पट्टी यांतील घर्षण कमी करण्यासाठी दोन्ही प्रकारांत तेल वापरावे लागते.

वजन आणि कोन

लांब दांड्यामुळे डोक्याचे वजन हाताला कित्येक पटींनी जाणवते. १.५ किलो वजनाचे डोके हातापासून २.५ मीटर अंतरावर आडवे धरल्यास सुमारे ३७ न्यूटन-मीटर इतके आघूर्ण निर्माण होते. तोच दांडा जमिनीशी ६० अंशांचा कोन करून धरल्यास ते निम्मे होते. त्यामुळे दांडा आडवा धरून काम करणे थकवणारे असते आणि थकलेल्या हातातून करवतीवरील ताबा सुटतो.

याउलट दांडा फार उभा धरणेही घातक ठरते. ३ मीटर लांबीचा दांडा ६० अंशांवर धरला, तर करवत वापरकर्त्याच्या हातापासून आडव्या अंतराने १.५ मीटर दूर राहते. ८० अंशांवर हे अंतर अवघे अर्धा मीटर उरते आणि तुटलेली फांदी जवळजवळ डोक्यावरच पडते. म्हणूनच दांड्याचा कोन ६० अंशांहून अधिक नसावा, असे अनेक उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत सांगितलेले असते.

फांदीचे वजनही नजरेने कमी लेखले जाते. १० सेंमी जाडीच्या व ३ मीटर लांबीच्या ओल्या लाकडाचे वजन २० ते २५ किलो असू शकते. ४ मीटर उंचीवरून निसटलेली फांदी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येईपर्यंत तिचा वेग ताशी सुमारे २४ किमी झालेला असतो.

विजेच्या तारांपासून अंतर

पोल सॉच्या वापरातील सर्वांत गंभीर धोका डोक्यावरून जाणाऱ्या तारांचा आहे. अवजाराच्या आतील विद्युतरोधन मोटरच्या विजेपासून वापरकर्त्याचे रक्षण करते. बाहेरील तारेचा स्पर्श झाल्यास त्याचा उपयोग होत नाही. अॅल्युमिनियमचा दांडा उत्तम वीजवाहक असतो. ओला बांबू किंवा मळलेला, दमट काचतंतूचा दांडाही सुरक्षित मानता येत नाही. ओल्या फांदीतूनसुद्धा वीज वाहते.

भारतात निवासी भागांतून २३० व ४१५ व्होल्टच्या तारांबरोबर ११ किलोव्होल्टच्या उच्चदाब वाहिन्याही जातात आणि जमिनीवरून त्यांतील फरक सामान्य माणसाला ओळखता येईलच असे नाही. तारेवर काळे आवरण दिसले तरी ते उन्हाने तडकलेले असू शकते. अमेरिकेतील सुरक्षा नियमांनुसार विशेष प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून किमान १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर, दूर राहणे बंधनकारक आहे. हे अंतर माणसापासून न मोजता दांडा, करवत आणि फांदी यांपैकी तारेच्या सर्वांत जवळ येणाऱ्या टोकापासून मोजायचे असते. फांदी पडताना झोका घेऊन तारेकडे जाऊ शकते, हेही लक्षात घ्यावे लागते.

तारांजवळची छाटणी वीज वितरण कंपनीकडून वीजपुरवठा बंद करवूनच केली जाते. फांदी तारेवर पडल्यास ती ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. तुटलेली तार जमिनीला टेकल्यास तिच्याभोवतीच्या जमिनीतही वीज पसरते व दोन पायांमधील अंतरामुळे शरीरातून प्रवाह वाहू शकतो. अशा वेळी दूर राहून इतरांनाही रोखावे आणि भारतात १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर कळवावे. कोणी जखमी असल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे.

वायरच्या पोल सॉसाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवलेली जोडणी आणि घराबाहेरील वापरास योग्य, पुरेशा जाडीची एक्स्टेन्शन वायर आवश्यक असते. बारीक व लांब वायरीत विजेचा दाब घटतो, त्यामुळे मोटर तापते.

छाटणीपूर्वीची तयारी

छाटणीआधी झाड सर्व बाजूंनी पाहिले जाते. वाळलेल्या, किडलेल्या किंवा आधीच तुटून इतर फांद्यांत अडकलेल्या फांद्या अनपेक्षितपणे खाली येतात. पक्ष्यांची घरटी, आग्या मोहोळ व तांबड्या मुंग्यांची घरटी पानांआड सहज लपतात. आग्या मोहोळ असलेल्या झाडाजवळ मोटरचा आवाज व कंपनेही धोकादायक ठरू शकतात.

शिरस्त्राण, डोळ्यांचा चष्मा, हातमोजे आणि न घसरणारे बूट ही किमान सुरक्षा साधने होत. वर पाहून काम करावे लागत असल्याने भुसा थेट डोळ्यांत जातो. अनेक माहितीपुस्तिकांनुसार काम चालू असताना इतर व्यक्तींनी व जनावरांनी १५ मीटर दूर राहणे अपेक्षित असते. फांदी ज्या दिशेने पडेल तिच्या विरुद्ध बाजूस मागे सरकण्यासाठी मोकळी वाट आधीच ठरवली जाते. कुंड्या, पाण्याचा पाइप व कापलेल्या फांद्या या वाटेत राहू देत नाहीत. पाऊस व जोराचा वारा असताना काम थांबवले जाते. शिडीवर उभे राहून पोल सॉ वापरणे सर्वथा वर्ज्य आहे, कारण दोन्ही हात दांड्यावर असल्याने तोल गेल्यास आधार घेता येत नाही.

कापण्याची पद्धत

जाड फांदी एकाच कापात तोडल्यास ती अर्धवट कापली जाताच वजनाने वाकते आणि खोडाची साल सोलत खाली येते. हे टाळण्यासाठी तीन कापांची पद्धत वापरतात.

१. पहिला काप खोडापासून ३० ते ४५ सेंमी अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश खोलीपर्यंत घेतला जातो. यापेक्षा खोल गेल्यास फांदीच्या वजनाने करवत अडकते.
२. दुसरा काप पहिल्यापेक्षा काही सेंमी बाहेरच्या बाजूस वरून घेतात. फांदी तुटते, पण सालीची चीर पहिल्या कापाशी थांबते.
३. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने खोडाजवळील फुगवट्याच्या लगेच बाहेर तोडला जातो.

लांब फांदी टोकाकडून लहान तुकड्यांत कापत येणे अधिक सुरक्षित असते. साखळी पूर्ण वेगात आल्यावरच फांदीला टेकवतात आणि करवतीच्या वजनानेच काप होऊ देतात. काप पूर्ण होताच फांदीचा आधार जातो व डोके एकदम खाली येते. त्यासाठी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरणे आवश्यक असते. पट्टीचे टोक दुसऱ्या फांदीला लागल्यास करवत उसळी घेते. बटण सोडल्यावरही साखळी क्षणभर फिरत राहते.

झाडावरील परिणाम

फांदी खोडाला मिळते तेथील फुगवट्याचे महत्त्व अमेरिकी वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ अॅलेक्स शायगो यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. झाडाची जखम प्राण्यांच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड दुखावलेल्या भागाभोवती रासायनिक व पेशीय अडथळे उभारून तो कप्प्यासारखा बंद करते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. १९७७ मध्ये शायगो यांनी मांडलेले हे प्रतिमान ‘कोडिट’ या नावाने ओळखले जाते.

हा बचाव मुख्यतः फुगवट्यातील ऊतींमध्ये होतो. काप खोडाला चिकटून घेतल्यास फुगवटाच नष्ट होतो व कूज खोडात शिरते. लांब खुंट ठेवल्यास तो वाळून कुजतो आणि जखम झाकली जात नाही. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग लावल्याने कूज थांबत नाही, असेही शायगो यांच्या अभ्यासात आढळले. झाडाचा शेंडा सरसकट उडवल्यास कापाभोवती अनेक कमकुवत धुमारे फुटतात आणि पुढे वादळात तेच प्रथम मोडतात. एका वर्षात पर्णसंभाराच्या एक-चतुर्थांशाहून अधिक छाटणी करू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

कायदेशीर बाबी

स्वतःच्या आवारातील झाडही मनाप्रमाणे तोडता येते असे नाही. महाराष्ट्रातील नागरी भागांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असून त्यातील ‘झाड तोडणे’ या संज्ञेत झाड जाळणे, कापणे व कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचा समावेश होतो. त्यामुळे छाटणीपूर्वी स्थानिक वृक्ष प्राधिकरणाकडे चौकशी करणे इष्ट ठरते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण अधिनियम लागू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे किंवा घरट्यांना बाधा आणणे हे शिकारीच्या व्याख्येत येते.

देखभाल व मर्यादा

साखळी ताणणे, साफ करणे किंवा बदलणे यांपूर्वी बॅटरी काढली जाते अथवा प्लग उपसला जातो. साखळी सैल असल्यास पट्टीवरून निसटते, फार ताणलेली असल्यास पट्टी झिजते. करवतीतून लाकडाच्या चकत्यांऐवजी बारीक पूड पडू लागणे हे साखळीची धार गेल्याचे लक्षण आहे.

पट्टीच्या लांबीपेक्षा जाड फांद्या, घराच्या छपरावर किंवा रस्त्यावर झुकलेल्या फांद्या आणि तारांत शिरलेली झाडे या अवजाराच्या कक्षेबाहेरची आहेत. पूर्ण वाढलेला नारळही त्याच्या आवाक्याबाहेर असतो. अशी कामे दोर, लिफ्ट व प्रशिक्षित माणसे असलेल्या पथकाकडे सोपवली जातात.